दर नोव्हेंबरला दुखणारा गुडघा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय 59, बँकेच्या नोकरीतून निवृत्ती झालेली, आणि पन्नाशीपासून आपण रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर नियमित धावत आहात. गेली तीन वर्षे नोव्हेंबर उजाडला की उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखू लागते. जिना उतरताना आणि भजनाला तासभर मांडी घालून बसल्यावर उठताना ते अधिक जाणवते. महिना-दीड महिना विश्रांती घेतली की थांबते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येते. यंदा आपण तपासण्या केल्या. एक्स-रेमध्ये सुरुवातीची झीज निघाली आणि एमआरआयमध्ये आतल्या बाजूच्या गादीला (मेनिस्कसला) चीर दिसली. एका ठिकाणी धावणे कायमचे बंद करण्यास सांगितले गेले, दुसऱ्या ठिकाणी गुडघ्यात इंजेक्शन सुचवले गेले. आपण विचारता की धावण्यामुळेच गुडघा झिजत आहे का, आणि आता थांबावे का.

मी रत्नागिरीत 26 वर्षे फिजिओथेरपी करीत आहे. गुडघा हाताने तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे आधी स्पष्ट करते. मात्र आपण प्रश्नासोबत तीन वर्षांच्या धावण्याच्या नोंदी पाठवल्या आहेत, आणि त्या एमआरआयच्या अहवालापेक्षा मला अधिक उपयोगी वाटल्या. त्या वाचून माझे मत असे झाले आहे की धावणे सोडण्याचे कारण दिसत नाही. बदलायचा आहे तो आपला ऑक्टोबर.

नोंदी काय सांगतात ते पाहा. दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपण आठवड्यातून तीनदा आठ किलोमीटर धावता. मग पाऊस लागतो आणि साडेतीन महिने वहीत एकही नोंद नाही. गणपती झाले, पितृपक्ष सरला, की घटस्थापनेच्या आसपास आपण पुन्हा उतरता. पहिल्या आठवड्यात पाच, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात थेट आठ, आणि चौथ्या रविवारी झरी विनायकाच्या पुढची चढण चढून पावसच्या रस्त्याने बारा किलोमीटर. त्यानंतर दहा-बारा दिवसांत, तिन्ही वर्षी, वहीत 'गुडघा' हा शब्द येतो. साडेतीन महिन्यांच्या खंडानंतरही दम लवकर परत येतो, कारण हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सुधारतात. मांडीचे स्नायू, वाटीखालचा स्नायुबंध आणि कूर्चेखालचे (सांध्यातल्या गुळगुळीत आवरणाखालचे) हाड यांना मात्र भाराची सवय होण्यासाठी त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. पन्नाशीनंतर तर गमावलेली ताकद आपोआप परत येतच नाही, ती मुद्दाम कमवावी लागते. आपल्याला दम लागत नाही म्हणून आपण अंतर वाढवता, आणि त्याचा भार ज्या गुडघ्यावर पडतो तो अजून आषाढातच असतो.

मग दुखू लागले की आपण पूर्ण थांबता. दुखणे जाते, पण त्या दीड महिन्यात मांडी आणखी हलकी होते. पुनरागमनाच्या वेळी गुडघा मागच्या वेळेपेक्षा थोडा दुबळाच असतो. दुखणे पुन्हा पुन्हा येण्यामागे मला प्रामुख्याने हे चक्र दिसते.

वाटीभोवतीचे दुखणे, जिना उतरताना आणि फार वेळ गुडघा दुमडून बसल्यावर वाढणारे, हे बहुधा वाटी आणि मांडीच्या हाडामधल्या सांध्याचे असते. उतारावर धावताना वाटीवरचा दाब सपाटीपेक्षा बराच वाढतो, त्यामुळे तो बारा किलोमीटरचा रविवार निमित्त ठरला असावा. दुखणे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतरावर येऊन सुरू होणारे असते, तर मी मांडीच्या बाहेरून उतरणाऱ्या पट्ट्याचा विचार केला असता. सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असून अर्ध्या तासाच्या आत मोकळा होत असेल, तर झिजेच्या संधिवाताचा वाटा त्यात असू शकतो, आणि आपल्या वयात या दोन गोष्टी एकत्र असणे अगदी नेहमीचे आहे. खुब्याचे दुखणेही कधी कधी गुडघ्यात जाणवते. म्हणून खुर्चीत बसून उजवा पाय डाव्या मांडीवर टाकताना जांघेत ओढल्यासारखे होते का, एवढे नक्की पाहा.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की ती असतील तर माझे हे उत्तर बाजूला ठेवून थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. गुडघा सुजून गरम झाला आहे आणि अंगात ताप आहे. गुडघा मध्येच अडकतो आणि सरळच होत नाही. पाऊल टाकताना गुडघा दगा देतो. रात्री निश्चल पडल्यावरही ठणका थांबत नाही. एखाद्या दिवशी अचानक आतल्या बाजूला तीव्र दुखू लागले आणि भार देणेच अशक्य झाले, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. शेवटच्या प्रकारात हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये ती मी अनेकदा पाहिली आहे. एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे. आणि आपल्या कोकणापुरते एक आवर्जून सांगते. पावसाळ्यात वा पावसाच्या शेवटी शेतातल्या पाण्यात वावरल्यानंतर ताप आला आणि पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखू लागल्या, तर तो धावण्याचा परिणाम समजू नये. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची) तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

आता अहवालांविषयी. 'चीर' हा शब्द वाचून आपण घाबरलात, हे आपल्या लिहिण्यावरून कळते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु या वयात गादीतली चीर पुष्कळदा केस पिकण्यासारखी असते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे 50 ते 90 वयाच्या 991 सर्वसामान्य लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले गेले आणि 2008 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या गादीत चीर होती, त्यांच्यापैकी 61 टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्यात काहीही दुखले नव्हते. फिनलंडमध्ये 2013 साली याच्या पुढची पायरी गाठली गेली. अशी झिजेतून आलेली चीर असलेल्या 146 रुग्णांपैकी निम्म्यांची दुर्बिणीने गादी कापली गेली, निम्म्यांवर केवळ शस्त्रक्रियेचा देखावा केला गेला, आणि वर्षभरानंतर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक आढळला नाही. आपला गुडघा अडकत नाही, असे आपण लिहिले आहे. तेव्हा त्या चिरेचा आणि वाटीच्या दुखण्याचा संबंध जोडण्याची घाई मी करणार नाही.

धावण्याने गुडघा झिजतो का, या प्रश्नावर माझेच मत बदलले आहे, ते सांगायला हवे. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मीही पन्नाशी उलटलेल्यांना धावू नका असे सांगत असे. त्यातले बरेच जण काही वर्षांनी वजन वाढलेले, मांड्या सुकलेल्या आणि गुडघा पहिल्यापेक्षा अधिक दुखणारा, अशा अवस्थेत माझ्याकडे परत आले, आणि त्या सल्ल्याची मला आजही खंत वाटते. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात गुडघा आणि खुब्याच्या झिजेच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावकांमध्ये 3.5 टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये 13.3 टक्के आढळले. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात, हा आक्षेप यावर घेता येतो आणि तो रास्त आहे. म्हणून धावण्याने गुडघा सुधारतोच, असा दावा मी करीत नाही. आपल्यासारख्या माणसाने आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर धावले म्हणून 'वंगण संपते', याला आधार नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्या वाटेविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण रत्नागिरीत न राहणाऱ्या तज्ज्ञाला ती दिसणार नाही. आपण खाडीच्या मुखापासून दक्षिणेला झरी विनायकापर्यंत वाळूवरून जाता आणि सुरूच्या बनामागच्या रस्त्याने परत येता, असे तीन फेरे. जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे वाळूच्या उतारावर उजवा पाय खाली. परत येताना समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून आपण रस्त्याच्या उजव्या कडेने धावता, हे योग्यच आहे, पण डांबरी रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणून तिथेही उजवा पाय खाली. आठच्या आठ किलोमीटर उजवा पाय खालच्या बाजूला आणि दुखणे उजव्या गुडघ्याचे. हेच एकमेव कारण आहे असे मी म्हणणार नाही, तरी एवढा बदल फुकट करता येण्यासारखा आहे. वाळूवरून गेलात तर वाळूवरूनच परत या, म्हणजे उतार दोन्ही पायांना सारखा वाटला जाईल.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आपल्याकडे दर्यावर्दी माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे आपल्या धावण्याच्या वेळेला उरते ती फक्त वरची भुसभुशीत, तिरकी वाळू. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-सव्वाअकराला, म्हणून पहाटे पाच-सहाला ओहोटी, आणि पाण्याने ठोकून काढलेली रुंद, जवळजवळ सपाट पट्टी मोकळी. घड्याळाची वेळ तीच ठेवून आपण पंधरवड्यातून एक आठवडा चांगल्या जमिनीवर आणि एक आठवडा पायाची परीक्षा पाहणाऱ्या जमिनीवर धावत असता. अष्टमीच्या आगेमागे तीन-चार दिवस वाळूचा मोह टाळावा आणि थिबा राजवाड्याच्या बाजूला किंवा एखाद्या मैदानावर सपाटीला धावावे.

आता घरी करून पाहण्याची एक तपासणी. पडवीच्या वीतभर उंचीच्या पायरीवर आरशासमोर उभे राहा, किंवा घरातल्या कोणाला समोरून मोबाइलवर चित्रण करायला सांगा. हात कमरेवर ठेवा, उजव्या पायावर उभे राहून डावी टाच हळूहळू खाली न्या, जमिनीला नुसती टेकवा आणि वर या. खाली जाताना तीन आकडे मोजा. डोळे एका जागी ठेवा : गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहते की अंगठ्याच्याही आत कलंडते? डाव्या बाजूची कंबर खाली पडते का? चौथ्या-पाचव्या वेळी मांडी थरथरू लागते का? मागच्या महिन्यात एक मासळीविक्रेत्या मावशी माझ्याकडे आल्या होत्या, धावपटू नव्हेत, पण दुखणे हेच. त्यांचा चांगला पाय बारा वेळा सरळ रेषेत उतरला आणि दुखरा पाय तिसऱ्याच वेळी आत वळला. त्यांनी स्वतः ते पाहिले आणि म्हणाल्या, ''ताई, ह्यो पाय माजा ऐकत नाय.'' आपलाही पाय ऐकत नसेल, तर त्याचे कारण बहुतेक वेळा गुडघ्यात नसून नितंबाच्या आणि मांडीच्या स्नायूंत असते.

व्यायाम मी थोडेच सांगेन, पण ते एक दिवसाआड, निदान बारा आठवडे आणि पुढच्या पावसाळ्यातही चालू राहिले पाहिजेत. दुखणे ताजे असताना भिंतीला पाठ टेकून, गुडघे अर्धवट वाकवून 30 ते 45 सेकंद स्थिर राहावे, असे पाच वेळा. वाटीला झोंबेल इतके खाली जाऊ नये. त्यानंतर वर सांगितलेली पायरीच आपला मुख्य व्यायाम. प्रत्येक पायाने आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या, आणि ते सोपे झाले की पाठीवरच्या पिशवीत आधी दोन, मग पाच किलो तांदूळ. उताणे झोपून एकाच पायावर कंबर उचलणे, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, आणि पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, यांतले शेवटचे गुडघा सरळ ठेवून आणि थोडा वाकवून असे दोन्ही प्रकारे. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना खरोखर कष्ट पडले पाहिजेत. माझ्याकडे येणारे बहुतेक ज्येष्ठ लोक व्यायाम निष्ठेने करतात, पण इतका हलका करतात की स्नायूला तो कळतच नाही. ताकद वाढायला प्रथिनेही लागतात. साठीच्या आसपास दर किलो वजनामागे दिवसाला एक ग्रॅमपेक्षा थोडी अधिक प्रथिने असावीत, अशी शिफारस आहे, आणि आपल्याकडे बांगडा, कुळीथ, अंडी, दही असताना डब्यातल्या पावडरीची गरज मला वाटत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

धावणे पूर्ण थांबवू नका, कमी करा. आधी सपाटीवर अर्धा तास झपाझप चालून पाहा. ते निर्वेध झाले की एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे, असे दहा वेळा, एक दिवसाआड. जमेल तसे धावण्याचे मिनिट वाढवत, सहा ते आठ आठवड्यांत सलग अर्ध्या तासावर यावे. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. धावताना तीनपर्यंत दुखले तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला जिना उतरताना ते मूळपदावर आलेले असले पाहिजे. आले नसेल तर पुढच्या वेळी अंतर कमी. हा सकाळचा जिना माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार आहे, म्हणून वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखा. पुढे अंतर वाढवताना एका दिवसाचे धावणे मागच्या महिनाभरातल्या सर्वांत लांब धावण्यापेक्षा दहाव्या हिश्श्याहून जास्त वाढवू नये. पाच हजारांहून अधिक धावकांच्या 2025 सालच्या एका अभ्यासात दुखापतीचा धोका याच एका उडीशी जोडलेला दिसला, आणि आपले आठवरून बारा हे त्याचेच उदाहरण आहे. उतार सर्वांत शेवटी परत आणा. चढण चालत चढा आणि उतरतानाही सुरुवातीला चालतच उतरा.

धावताना पावले थोडी लहान आणि जलद टाकली की गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे प्रयोगशाळेत मोजले गेले आहे. अर्ध्या मिनिटात उजवे पाऊल किती वेळा पडते ते मोजून चारने गुणा. आलेला आकडा पाच टक्क्यांनी वाढवा, वेग तोच ठेवून. 160 असेल तर 168. मोबाइलवरच्या ठेक्यावर दोन-तीन आठवडे सराव केला की ते अंगवळणी पडते.

गुडघ्यावरचा भार फक्त धावण्यातून येत नाही. घटस्थापनेला आपण धावायला उतरता त्याच्या आधीच्या महिन्यात गणपतीच्या आरत्या-भजनांना मांडी घालून बसणे, घरातली साफसफाई उकिडवे बसून करणे, बागेत गवत काढणे, हे सगळे होऊन गेलेले असते. मांडी घालणे वाईट नाही, त्याची भीती बाळगू नका. दुखणे चालू आहे तोवर वीस-पंचवीस मिनिटांनी पाय पसरावेत आणि उठताना हाताचा आधार घ्यावा. आंब्याच्या कलमांच्या हंगामात पेट्या उचलून घाटी उतरायची असेल, तर तो दिवस धावण्याचाच समजावा.

औषधांविषयी थोडक्यात. डायक्लोफिनॅकचे मलम काही दिवस लावायला हरकत नाही. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन मुळीच जाऊ नका. आपल्याला रक्तदाब आहे, आणि आपल्या दमट हवेत घामाने पाणी कमी झालेले असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. शिवाय जो इशारा आपल्याला वाचायचा आहे तोच त्या पुसून टाकतात. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, हे खरे आहे. परंतु झिजेचा संधिवात असलेल्या 140 रुग्णांना दोन वर्षे दर 12 आठवड्यांनी ते दिल्यावर दुखण्यात मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनापेक्षा फरक पडला नाही आणि कूर्चा मात्र अधिक घटली, असे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. सुजलेल्या, रात्री झोपू न देणाऱ्या गुडघ्यासाठी मी त्याचा विचार करीन. आपल्या गुडघ्यासाठी आत्ता नाही. बूट आरामदायक असावेत, एवढेच. खाऱ्या हवेत भिजून कडक झालेला आणि एका कडेने झिजलेला जोड मात्र बदला.

जानेवारीतील 21 किलोमीटरच्या शर्यतीसाठी नाव नोंदवू का, असेही आपण शेवटी विचारले आहे. यंदा नोंदवू नये. आज नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आहे, आणि आठ-नऊ आठवड्यांत अर्ध्या तासावरून अडीच तासांवर जाण्याचा कोणताही सुरक्षित मार्ग मला माहीत नाही. दहा किलोमीटरचा गट असेल तर डिसेंबरच्या शेवटी ठरवा. त्या वेळी उजवा पाय पायरीवरून डाव्याइतकाच, निदान दहा वेळा सरळ उतरत असेल, आणि वहीतल्या सकाळच्या जिन्याच्या रकान्यात सलग दोन आठवडे शून्य किंवा एक असेल, तर काही टप्पे चालत, शर्यतीत या. त्याआधी एकदा क्लिनिकमध्ये येऊन गुडघा आणि खुबा तपासून घ्या, आणि येताना ती वही व धावण्याचे जुने बूट सोबत आणा.